शब्दचर्चा : बॅग उचलणाऱ्याला देतो ती टीप, बक्षीस की हमाली?

गिरगावची सून
प्रश्न बारीकसा आहे पण घरात दोन दिवस त्यावरून वाद चाललाय म्हणून इथे टाकते. मे महिन्यात आम्ही दिराकडे अमेरिकेत गेलो होतो, तिथून मायामीहून सात दिवसांची क्रूझ केली, सासूसासरे पण बरोबर. टर्मिनलच्या दारात गाडी थांबते न थांबते तोच एक पोर्टर ट्रॉली घेऊन हजर. आमच्या पाच बॅगा, त्यातली सासूबाईंची नाडीने बांधलेली, आणि घरून प्रिंट काढून आणलेले टॅग आम्ही लावलेच नव्हते, ते त्यानेच खिशातनं स्टेपलर काढून धडाधड मारले. दिराने त्याच्या हातात दहा डॉलर ठेवले. सासरे म्हणाले, "एवढी हमाली?" दीर म्हणाला, "हमाली नाही हो बाबा, टीप." सासूबाई म्हणाल्या, "टीप काय, बक्षीस म्हण की." बॅगा संध्याकाळी केबिनच्या दाराशी आल्या, नाडीसकट, पण वाद काही मिटला नाही.
त्यात भर म्हणजे जहाजावरच्या आमच्या खात्यावर माणशी रोजची "ग्रॅच्युइटी" लागलेली दिसली. सासरे बँकेतून रिटायर झालेले, ते हसायलाच लागले, म्हणे ग्रॅच्युइटी नोकरी सोडल्यावर मिळते आणि मी अजून बोटीवर धड चढलोही नाहीये.
तर मंडळी, त्या दहा डॉलरला मराठीत नक्की काय म्हणायचं?

तळटीप
टीप म्हणू नका एवढंच सांगतो, कारण त्या बिचाऱ्या शब्दावर आपल्याकडे आधीच फार ओझं आहे. पुस्तकात पानाच्या तळाशी असते ती टीप, शिंपी मारतो ती टीप, सूर चढतो तो टिपेला, रडणारा गाळतो ती टिपं आणि खबऱ्या पोलिसाला देतो ती पण टीपच. "मी पोर्टरला टीप दिली" असं आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कुणाची?
गंमत म्हणजे इंग्रजी शब्द पण तसा चोरबाजारातलाच. सतराव्या शतकातल्या लंडनच्या भामट्यांच्या बोलीत "टिप" म्हणजे हळूच देणे, सरकवणे. ते "टू इन्शुअर प्रॉम्प्टिट्यूड"ची आद्याक्षरं वगैरे जे फॉरवर्ड फिरतं ते साफ खोटं आहे, नंतर कुणीतरी रचलेलं.

बंदरावरचा बाबू
मी बॅलार्ड पियरच्या बाजूला एका शिपिंग एजंटकडे 31 वर्षं कारकुनी केली तेव्हा थोडं लांबट लिहितो, चालवून घ्या.
आधी माणूस कोण ते बघा, मग पैशाला नाव द्या. दारात बॅग घेतो तो पोर्टर जहाजाचा नोकर नसतो. तो बंदराचा किंवा धक्क्यावरच्या कंत्राटदाराचा, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी युनियनवाला. त्याला पगार असतो. तुमच्या खात्यावर लागलेली ग्रॅच्युइटी (मोठ्या कंपन्यांची साधारण माणशी रोज 16 ते 20 डॉलर) जाते ती जहाजावरच्या लोकांना, केबिन साफ करणारा, जेवण वाढणारा वगैरे. धक्क्यावरच्या माणसाला त्यातला छदाम मिळत नाही. म्हणून तिथे बॅगेमागे एक-दोन डॉलर हातात द्यायची पद्धत पडली. दिराने पाच बॅगांचे दहा दिले म्हणजे अगदी रीतसर दिले.
आता शब्द. आमच्याकडे जहाजाच्या पोटातला माल काढणारा तो स्टेव्हेडोर, मूळ स्पॅनिश. धक्क्यावर पाठीवर वाहणारा तो हमाल, मूळ अरबी, वाहणे या धातूवरनं. आणि पोर्टर म्हणजे पोर्टवरचा माणूस असं माझे साहेब पण समजायचे, पण तसं नाही, तो लॅटिन "पोर्तारे"वरनं येतो म्हणजे परत वाहणेच. सगळीकडचा माणूस एकच, ओझं पण तेच.
आपला अस्सल शब्द मात्र हेलकरी. डोक्यावरनं एका खेपेत नेतात ते ओझं म्हणजे हेल, तो वाहणारा हेलकरी. आता कोण म्हणत नाही. पण सरकारी कचेरीत हेलपाटे घालताना मला अजून त्यातला हेल ऐकू येतो.

परळकर
बाबू, एक नंबर. फक्त माथाडी विसरलात! माथ्यावरनं ओझं नेतो तो माथाडी. 1969 चा आपला कायदाच आहे माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा, अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना एकत्र केलं म्हणून तो झाला. माझे वडील मशीद बंदरला माथाडी होते. घरात "बक्षीस" हा शब्द त्यांना चालायचा नाही. एका शेठने गोणी उतरवल्यावर वर दोन रुपये दिले आणि म्हणाला ये ले बक्षीस, तर वडील म्हणाले, "शेठ, हमालीत धरा, वहीत लिहा." कारण हमालीचा दर ठरलेला असतो, तो मागता येतो, त्यासाठी संप करता येतो. बक्षिसासाठी कोण संप करणार?
तेव्हा सासऱ्यांनी हमाली म्हटलं यात काय चुकलं? कुली शब्द बघा, तमिळमध्ये "कूलि" म्हणजेच मजुरी. म्हणजे पैशाचं नाव माणसाला चिकटलं. आणि रेल्वेने 2016 ला, सुरेश प्रभू मंत्री असताना, कुलीला "सहायक" म्हणायचं जाहीर केलं. दादरला जाऊन "ओ सहायक" अशी हाक मारून बघा, कोण वळतं ते.

गिरगावची सून
परळकर दादा, पटलं, पण अर्धंच. वडिलांना ती गोणी उचलल्याबद्दलच पैसे मिळत होते, म्हणून ती हमाली. मायामीच्या माणसाला बॅग उचलायचा पगार आहे, आम्ही दिले ते त्याच्या वरचे. नसते दिले तरी बॅग केबिनला आलीच असती. (मनात भीती असतेच की मुद्दाम समुद्रात टाकेल, ते वेगळं.) मग त्याला हमाली कसं म्हणू?

तळटीप
म्हणून तर बक्षीस. फारसी "बख्शीदन" म्हणजे देणे आणि माफ करणे पण, हिंदीतलं "बख्श दो" तेच. आपल्याकडे त्याच्या दोन वाटा झाल्या, शाळेत पहिला आलेल्याला मिळतं ते बक्षीस आणि काका फ्लॅट पुतण्याच्या नावे करतात ते बक्षीसपत्र. मधली वाट, वेटर-हमालाला वरकड देणं, ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात उरलीय. इजिप्तला जा, पिरॅमिडपाशी पोरं "बक्षीश बक्षीश" करत मागे लागतात, तिथे ती वाट अजून जोरात आहे.

परळकर
तेच खटकतं ना. बक्षीस देणारा वर बसलेला असतो आणि घेणारा हात पसरून खाली. इनाम पण तसंच.

पाटीवालीची नात
मी फक्त वाचत होते पण आता लिहितेच. आजी क्रॉफर्ड मार्केटला पाटी डोक्यावर घेऊन फिरायची. गिऱ्हाईक ठरलेली मजुरी द्यायचं आणि वर चार आणे देताना म्हणायचं, "घ्या मावशी, चहाला." आजी घरी येऊन पैसे दोन ठिकाणी ठेवायची, मजुरी डब्यात आणि चहाचे कमरेच्या पिशवीत. ते पिशवीतले तिचे स्वतःचे. आजोबांना पण माहीत नसायचे किती आहेत. चहा तिने कधी विकत घेऊन प्यायला असेल असं मला वाटत नाही.
तर आमच्या घरात त्या पैशाला "चहाचे" म्हणतात. नुसतं चहाचे. चहापाणी नाही हां, चहापाणी कचेरीत साहेबाला द्यावं लागतं.

बंदरावरचा बाबू
वा. हा फरक मोठा आहे. चहापाणी आणि चिरीमिरी काम अडवून घेतात. दस्तुरी रिवाज म्हणून आधीच कापून घेतात, आणि तुमच्या बोटीवरची ग्रॅच्युइटी ही खरं तर दस्तुरीच झाली, न विचारता खात्यावर लागते. दिवाळीची पोस्त वर्षातनं एकदा, वॉचमन-पोस्टमनला. "चहाला" मात्र काम झाल्यावर, हातात आणि मोजदाद न करता. पोर्टरला तोच बसतो.

तळटीप
मान्य. फक्त व्याकरणाचं काय? "मी पोर्टरला चहाला दिले" यात दोन "ला" येतात आणि कर्म गायब.

गिरगावची सून
कर्म गायब आहे म्हणूनच तर चांगलं वाटतंय, किती दिले ते कुणाला सांगावं लागत नाही :)
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात उतरायच्या दिवशी त्यांनी तेच केलं होतं आणि आम्हाला पत्ताच नाही! आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवल्या, सकाळी खाली उतरलो तर हॉलमध्ये शेकडो काळ्या बॅगा रांगेत, आमच्या चार सापडल्या, नाडीवाली सापडेना. तिथल्या पोर्टरने नाडी बघून लांबूनच ओळखली आणि आणून दिली. सासूबाईंनी पर्समधनं डॉलरची नोट काढली, त्याच्या मुठीत कोंबली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "चहाला रे बाबा." तो काय समजला कोण जाणे, हसून "यू टू, मॅम" म्हणाला.
सासरे आता विचारतायत ती नोट किती डॉलरची होती. त्या सांगत नाहीयेत.