निळूभाऊंना वाड्यापुरतं ठेवू नका

अभिनेते निळू फुले म्हणजे वाड्यातला खलनायक, धोतर, टोपी आणि परक्या बाईवर वाकडी नजर, एवढ्यातच कुणीतरी त्यांना गुंडाळलंय. मनाला लागलं. आमच्या सोलापुरात गिरणीच्या चाळीतल्या बायका ते पडद्यावर आले की कडाकडा बोटं मोडायच्या, हे खरं. माझी मावशी तर त्यात सगळ्यांच्या पुढे! पण ती त्यांच्या कामाला मिळालेली पावतीच होती.

'सामना' चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील पुन्हा नीट बघा. (दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे आपल्या सोलापुरातच शिकलेले.) कुठे उगाच आरडाओरडा नाही. तो घोगरा, दाबलेला आवाज, अर्धवट मिटलेले डोळे, वाक्य मध्येच तोडून समोरच्याकडे बघणं... समोरचा माणूस बसल्या जागी आक्रसतो. आणि १९७९च्या 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस? सगळ्या पुढाऱ्यांकडे ऊठबस, सगळं ठाऊक, हातात मात्र काही नाही. हा माणूस तोच, यावर विश्वास बसत नाही.

नाटक तर मुळातच होतं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग 'कथा अकलेच्या कांद्याची', १९७२ला 'सखाराम बाइंडर'. त्याआधी पुण्यात माळीकाम केलेला माणूस हा.

आणि सामाजिक कृतज्ञता निधी विसरू नका. चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून अभिनेते डॉ. श्रीराम लागूंबरोबर 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करत ते गावोगाव फिरले. त्या दौऱ्यांवर इथे कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.