बिनलेबलची बाटली अन् हिरवे खडे: हिराकस का निकेल?

मोर्शीचा_संत्रेवाला: मंडळी, गावच्या शाळेची जुनी प्रयोगशाळा आवरून राहिलो. कपाटाच्या मागं एक बाटली सापडली, लेबल झुरळांनी खाल्लेलं, नुसतं 'सल्फेट' वाचता येते. बुचाले तडा हाय, आतमंदी हिरवेगार खडे, जरासे निळ्याकडं झुकलेले. शिपाईकाका म्हणते हिराकस (लोहाचं सल्फेट) होय, संत्र्याचे पानं पिवळे पडून राहिले त टाकून द्या झाडाले, फुकटात काम. मोरचूद (तांब्याचं निळं सल्फेट) नाई हे नक्की, बोर्डोसाठी (बुरशीवरच्या फवाऱ्यासाठी) तो दरवर्षी आणतो न आम्ही. टाकू का नको?

मास्तर_वर्धा: थांबा भाऊ! हिराकसाले हवा लागली का वरून पिवळट-तांबूस थर चढते. बूच तडकूनही खडे हिरवेगार हायेत म्हंजे मले त निकेल सल्फेट वाटते. चिमूटभर पाण्यात विरघळवा, थेंबथेंब अमोनिया सोडा. निकेल असंल त आधी फिकट हिरवा साका, अजून अमोनिया टाकला का साका गायब अन् पाणी निळं. हिराकसाचा साका मळकट हिरवा, थोड्या वेळानं वरून तांबूस होते. डायमिथिल ग्लायॉक्झाइम (निकेल ओळखायचं रसायन) असंल त त्याच निळ्या पाण्यात थोडं टाका, कुंकवासारखा लाल साका बसला का निकेल पक्कं. हिराकसानंही पाणी लाल होते पण असा साका बसत नाई, फसू नका.

प्लेटिंगवाला_नागपूर: चार वर्षं हेच खडे उपसले बाप्पा. निकेलचा मुलामा चढवायच्या टाकीत लिटरले २५०-३०० ग्रॅम निकेल सल्फेट, संगं थोडं निकेल क्लोराइड (तेही हिरवंच) अन् बोरिक ॲसिड. बोटाच्या बेचक्यात अशी खाज सुटे का रात्री झोप नाई, अजून घड्याळाचा स्टीलचा पट्टा चालत नाई मले. हातमोजे घाला, अन् भुकटी बिलकुल उडवू नका, निकेलच्या क्षारांची धूळ छातीत गेली त कॅन्सरचा धोका असते.

वरुडकर: पण झाडाले निकेल लागते असं वाचलं होतं?

मास्तर_वर्धा: लागते न, युरिया फोडणाऱ्या युरिएज एन्झाइममंदी निकेलच असते. पण लागते किती, नखाच्या मळाएवढंही नाई. मूठभर टाकलं त मुळ्याच जळतीन.

मोर्शीचा_संत्रेवाला: केलं भाऊ. अमोनियानं निळं झालं, मंग दुसरं टाकलं त परीक्षानळीच्या बुडाशी लालभडक. बाटलीवर नाव लिहून कुलपात ठेवली. शिपाईकाका आता मलेच विचारून राहिले का मंग संत्र्याचं काय.