‘आकार बदला’ म्हणजे नक्की काय करा?

आंबापोळी:
देवगडात आमच्या बचत गटाच्या बायकांना बाटल्यांची लेबलं स्वतः करता यावीत म्हणून वर्डच्या चार पानी टिपा लिहितेय. वर्डआर्टपाशी, म्हणजे अक्षरं सजवायच्या सोयीपाशी, अडले. ‘रिसाइझ’ला मी बिनधास्त ‘आकार बदला’ लिहून टाकलं होतं. परवा एका काकूंनी ते वाचून ‘कोकम सरबत’ची कमान करून आणली! टोकाची अक्षरं खाली, मधली वर, शिरोरेषा धनुष्यासारखी वाकलेली. म्हटलं, काकू, नुसतं मोठं करायचं होतं. तर म्हणाल्या, “आकार बदल असं तूच लिहिलंस ना? बदलला.”

चूक त्यांची नाहीच. गोल-चौकोन हाही आकार आणि लहान-मोठा हाही आकार. वर्डआर्टमध्ये दोन्ही बदलता येतात, हीच पंचाईत. टिपेच्या एका ओळीत मावेल असा शब्द सुचवा.

सड्यावरचा:
आकारमान. संपला विषय.

आंबापोळी:
आकारमान म्हटलं की शाळेतला तो पाण्यात बुडवलेला दगड आठवतो. काकू सरबत मापट्याने मोजायला घेतील.

बंदरावरून:
‘ओढा’ लिहा. कोपऱ्यातला ठिपका धरायचा नि ओढायचा. रापणीचं जाळं ओढणाऱ्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागणार आहे का?

आंबापोळी:
दादा, ते जुन्या वर्डात. 2010 पासून वर्डआर्ट चौकटीत बसतं. कोपरा ओढला की चौकट मोठी होते, अक्षर तेवढंच राहतं. मोठ्या टोपात मूठभर भात. अक्षर मोठं हवं तर फॉन्टचा आकडा बदलायचा. आणि कमानीबिमानीचा परिणाम आधीच दिलेला असेल, तर मात्र ओढल्यावर अक्षरंही ताणली जातात. म्हणूनच गोंधळ.

सड्यावरचा:
लिब्रेऑफिस घ्या. त्यात त्याला फॉन्टवर्क म्हणतात, कोपरा ओढला की अक्षर मुकाट मोठं होतं. शिफ्ट दाबून ओढलंत तर प्रमाणही राहतं.

आंबापोळी:
शब्द मागितला होता, सॉफ्टवेअर नाही.

जुना खिळा:
मी रत्नागिरीत एका छापखान्यात अकरा वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले, म्हणून बोलतो. आमच्याकडे अक्षराला ‘आकार’ नव्हताच, ‘पॉइंट’ होता. बारा पॉइंटचं अक्षर लहान वाटलं तर ते खणात परत टाकायचं आणि चोवीसचा खिळा उचलायचा. शिसं ताणता येत नाही. त्यामुळे ‘अक्षर मोठं घे’ म्हणायचे, ‘मोठं कर’ कोणी म्हणत नसे. ‘घे’ आणि ‘कर’मधला हा फरक संगणकाने पुसला.

तुमच्या टिपेत मुळात तीन कामं आहेत: चौकट मोठी करणे, अक्षर मोठं घेणे, अक्षर ताणणे. तिन्हींना एक शब्द शोधाल तर काकू पुन्हा कमान करतील. ताणणे तर वेगळाच अपराध आहे. आडवं ताणलंत की काना जाडजूड होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते. हल्ली जत्रेतल्या दशावताराच्या फलकांवर अशी फुगलेली अक्षरं बघतो आणि मान फिरवतो. काकूंना सांगा, आकडा 72 द्या, इंचाच्या आसपास काम होतं.

शुद्धमती:
पॉइंट, वर्डआर्ट, फॉन्ट! अहो, सावरकर 1924 ते 1937 याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तिथूनच चालवली. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आज सगळे सर्रास वापरतात. मग ‘कलाक्षर’ आणि ‘आकारवर्धन’ का नको?

बंदरावरून:
आकारवर्धन म्हणजे च्यवनप्राशाची जाहिरात वाटते.

जुना खिळा:
‘दिनांक’ रुजला, मान्य. पण त्याच चळवळीतली ‘अ’ची बाराखडी, अि, अी, अु, ती आज कोण लिहितं? आणि आमच्या छापखान्यात ‘पॉइंट’ला कुणी ‘बिंदू’ म्हटलं असतं तर फोरमनने अनुस्वाराचा खिळा हातात ठेवला असता.

माडाखाली:
इतका काथ्याकूट कशाला? ‘वाढवा’ लिहा. ‘अक्षर वाढवा.’ साधा मराठी शब्द.

आंबापोळी:
हा मलाही आवडला होता. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, “वाढवा? नारळासारखं?”

माडाखाली:
आई गं. खरंच की. नारळ वाढवतात म्हणजे फोडतात.

सड्यावरचा:
बांगडीही वाढते. फुटली म्हणायचं नाही.

बंदरावरून:
आमचे आजोबा रात्री दुकान ‘वाढवायचे’. लहानपणी मला वाटायचं, सकाळी एक खोली जास्त झालेली दिसेल.

शुद्धमती:
याला मंगलभाषण म्हणतात. अशुभ क्रियेला शुभ शब्द. माझ्या मते याचं मूळ समुद्रपूजेत असणार. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करताना ‘फोडला’ कसं म्हणायचं?

जुना खिळा:
नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात अख्खा सोडतात, ताई. फोडत नाहीत. आणि दुकान वाढवणारा वाणी घाटावरही आहे, त्याला कुठला समुद्र?

शुद्धमती:
मी ‘असणार’ म्हटलंय.

आंबापोळी:
मंडळी, उद्या झेरॉक्सला द्यायचंय. ‘अक्षर मोठं घ्या’ चालेल का? की ‘घ्या’ वाचून काकू दुसरं अक्षर शोधत बसतील?

माडाखाली:
आमच्या मालवणात पौर्णिमेला नारळ लढवतात, त्यात ज्याचा फुटतो तो हरला. तिथे मात्र बिनदिक्कत ‘फुटलो रे’ असंच ओरडतात, ‘वाढलो’ म्हणताना कुणाला ऐकलं नाही.

सड्यावरचा:
कारण तो पूजेचा नसतो. लढवलेला नारळ फुटतो, देवापुढचा वाढतो.

बंदरावरून:
आणि आमटीत घातलेला?