बाळ रात्री सारखं उठते, काय करू?

मायबहिणींनो, मुलगी 4 महिन्यांची आहे. आधी रात्री चांगली सलग झोपायची, आता तासाभरात टक्क जागी. झोळीत लगेच निजते, पण खाली गोधडीवर ठेवलं का रडणं सुरू. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. आशाताई म्हणतात, या वयात झोप बदलतेच, पाठीवरच निजवा, अंगावरच्या दुधाशिवाय पाणीही नको. ते पटतं. पण कापूस वेचायचे दिवस आहेत, सकाळी वावरात जावंच लागते, त्यात रात्री लाइन जाते अन् पंखा बंद. झोळीची सवय कोणी कशी मोडली? पाजता पाजता झोपू द्यावं, की अर्धवट जागी असतानाच खाली ठेवावं? घुटीचा सल्ला नको, तो घरातच भरपूर मिळतो.