जलरंगात आकाश रंगवायला शिकताना सुरुवात कशाने करावी, वेट ऑन वेट (ओल्या कागदावर ओला रंग) की ग्रेडेड वॉश (वरून खाली फिका होत जाणारा रंगाचा पातळ थर)?

निळाई: नवीन माणसाला पहिल्याच दिवशी अख्खा कागद ओला करून त्यात रंग सोडायला सांगतात ते मला अजिबात पटत नाही. रंग कुठे पळणार, कुठे थांबणार हे सगळं पाणी ठरवतं. आधी कोरड्या कागदावर ग्रेडेड वॉश शिका. बोर्डाला मागून थोडा उतार द्यायचा, कोबाल्ट ब्लू भरपूर कालवून ठेवायचा (मधेच संपला की पट्टा आलाच), वरून आडवा हात मारायचा, खालच्या कडेला जो रंग साठतो तोच पुढच्या हाताने ओढत न्यायचा आणि दर वेळी पाणी वाढवत जायचं. निरभ्र आकाश डोक्यावर गडद आणि क्षितिजाशी फिकं असतंच, तेच उतरतं.

ओलीकड: साफ असहमत! कोरड्या कागदावर हात जरा रेंगाळला की कड वाळते आणि ती रेघ मग जाता जात नाही. मी दोन महिने नुसते वॉश मारले, पट्टे बघून बघून रंग कपाटात टाकायची वेळ आली होती. मग एकदा कागद ओला करून ढगांच्या जागा सोडून अल्ट्रामरीन निळा लावला, काही ठिकाणी टिश्यूने टिपला, आणि पहिल्यांदा आकाशासारखं आकाश दिसलं. तो आनंद मिळाला नाही तर माणूस टिकणार कसा?

निळाई: टिश्यूचे ढग सगळे एका साच्यातले दिसतात. आणि थॅलो ब्लू असेल तर तो कागदात असा बसतो की टिपून पांढरं निघतच नाही. अर्धवट वाळलेल्यात पाण्याचा ब्रश टेकवला की ते फुलकोबीसारखे डाग, ते वेगळेच.

ओलीकड: मग ओल ओळखायला शिकवा ना! कागद उजेडाकडे तिरका धरून बघायचं. आरशासारखा चमकतोय तर थांबा, चमक मंद झाली की रंग सोडा, तोही जरा दाट, चमक गेली की हात मागे. एवढंच तर आहे.

कोराकागद: तुम्ही दोघं भांडताय पण कागदाचं कोणीच बोलत नाहीये. पातळ कागद ओला झाला की फुगतो, खड्ड्यात रंग साचतो, मग कुठलंही टेक्निक घ्या, डाग पडणारच. 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम, जाड) घ्या, कॉटन असेल तर उत्तम कारण तो ओल जास्त वेळ धरतो, आणि पोस्टकार्डाएवढे तुकडे करून सराव करा.

निळाई: कागदाचं शंभर टक्के मान्य. पण ओलीकड, ते 'जरा दाट' म्हणजे किती हे नवीन माणसाला कसं कळणार? ब्रशमधे पाणी किती आहे हा अंदाज वॉश मारूनच येतो. म्हणून म्हणते आधी वॉश.

ओलीकड: अंदाजाचं पटलं, माझे दोन महिने तिथे कामी आले असतील. तरी ढग काढायचे असतील त्याला मी ओला कागदच देणार, निरभ्र आकाश हवं असेल तर तुमचा वॉश.