जरीर आणि फरझदक: वैर की व्यवसाय?

मूळ मत
उमय्या घराण्याच्या खलिफांच्या काळात इराकमधील बसऱ्याच्या मिरबद बाजारात जरीर आणि फरझदक हे तमीम टोळीचेच दोन कवी सुमारे ४० वर्षे एकमेकांची निंदा करीत राहिले. याला सर्रास हाडवैर म्हटले जाते. माझ्या मते तो दोघांचा जमलेला धंदा होता. ‘नकाइद’ या काव्यप्रकाराची अटच पाहा: एकाने ज्या वृत्तात आणि ज्या यमकात हल्ला चढवला, त्याच वृत्तात आणि त्याच यमकात दुसऱ्याने तो उलटवायचा. खरा संतापलेला माणूस शत्रूचे यमक सांभाळत बसत नाही. शिवाय ७३०च्या सुमारास फरझदक वारला, तेव्हा त्याच्यासाठी शोककाव्य रचले ते जरीरनेच.

प्रतिसाद १
साफ असहमत. यमक सांभाळून केलेला वारही वारच असतो. नुमैर कुळातील राई या कवीने फरझदकाची बाजू घेतली, तेव्हा जरीरने त्याला सुनावले की, नजर खाली घाल, तू नुमैरचा आहेस. ना काबची बरोबरी तुला साधली, ना किलाबची. काब आणि किलाब ही नुमैरची भाऊबंद कुळे, त्यामुळे घाव नेमका वर्मी बसला. त्यानंतर नुमैरचे लोक कुळाचे नाव न सांगता स्वतःला आमिर या मूळपुरुषाचे वंशज म्हणवू लागले, असे जुने अरबी ग्रंथकार सांगतात. एका ओळीने अख्ख्या कुळाला नाव लपवावे लागते, त्याला धंदा कसे म्हणायचे?

मूळ लेखक
पण घाव सोसला तिसऱ्यानेच! तगलिब टोळीचा ख्रिस्ती कवी अख्तल खलिफा अब्द अल-मलिकच्या दरबारातून फरझदकाच्या बाजूने या भांडणात उतरला, तेही उगाच नव्हे. टोळ्या आपसांत शब्दांनी झुंजत राहिल्या तर दमास्कसला, म्हणजे खलिफांच्या राजधानीला, ते सोयीचेच होते.

प्रतिसाद २
दमास्कसचा मुद्दा मान्य, तरी एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटली आहे, ती म्हणजे कुळांतील तफावत. जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुलींना मोबदला देऊन सोडवणारा सअसआ हा फरझदकाचा आजोबा, आणि त्या पुण्याईचा तोरा नातवाने जन्मभर मिरवला. जरीरचे कुलैब कूळ मात्र शेळ्यामेंढ्या राखणारे. ‘किताब अल-अगानी’ या जुन्या अरबी ग्रंथातील एका आख्यायिकेनुसार, सर्वश्रेष्ठ कवी कोण, असे कुणीतरी विचारल्यावर जरीरने त्याला घरी नेऊन एक कळकट म्हातारा दाखवला, ज्याच्या दाढीवरून शेळीचे दूध ओघळत होते. हा माझा बाप, जरीर म्हणाला. धार काढल्याचा आवाज ऐकून कुणी दूध मागायला येईल, या भीतीने हा थेट आचळाला तोंड लावतो. असल्या बापाच्या जोरावर ज्याने ८० कवींपुढे कुळाची बढाई मारली आणि त्यांना हरवले, तोच सर्वश्रेष्ठ कवी.