आईचा फोन बिझी असला की भलताच माणूस उचलतो

रानजाई:
काल दुपारी आईला फोन आला. स्क्रीनवर तिच्या मोबाईल कंपनीच्या कस्टमर केअरचाच नंबर. "तुमचं सिम आज रात्री बंद होणार आहे, चालू ठेवायचं तर मी सांगते ते डायल करा," असं एक बाई शांतपणे बोलत होती म्हणे. आईने स्टार स्टार ६७ स्टार, मग तिने सांगितलेला नंबर आणि शेवटी हॅश दाबलं. त्यानंतर त्या बाईने पुन्हा फोन करून बराच वेळ बोलण्यात गुंतवलं. तेवढ्यात आईचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. संध्याकाळी आई मावशीशी बोलत असताना मी फोन लावला, तर एका पुरुषाने उचलला आणि लगेच ठेवला. आता आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांना "तातडीने पैसे पाठव" असे मेसेज जात आहेत. ओटीपी मी कोणालाच सांगितला नाही, यावर आई ठाम आहे. मग हे झालं कसं? आणि आता काय करू? ती कालपासून नीट जेवलेलीही नाही.

जुनी_लाईन:
ताई, आई खरं सांगते आहे. ओटीपी तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

६७ हा "फोन बिझी असेल तर कॉल दुसरीकडे वळवा" याचा कोड. फॉरवर्डिंगमध्ये एसएमएस वळत नाहीत, फक्त कॉल वळतात. म्हणून त्यांनी आपल्या फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आईचा नंबर टाकून "कोड फोन करून सांगा" हा पर्याय निवडला. त्याच वेळी त्या बाईने आईला बोलण्यात अडकवलं, म्हणजे लाईन बिझी. कोड सांगणारा कॉल थेट त्यांच्याकडे गेला. ते लांबलेलं बोलणं त्यासाठीच होतं.

आत्ता आईच्या फोनवरून स्टार हॅश ६७ हॅश लावा, कॉल कुठे वळतोय ते दिसेल. मग हॅश हॅश ००२ हॅश लावा, सगळं फॉरवर्डिंग एकदम निघेल. व्हॉइसमेल असेल तर तोही निघतो, तो कंपनीकडून परत लावून घ्यावा लागेल. हे झाल्यावरच व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा चालू करा आणि कोड एसएमएसने मागवा. तो टाकला की तिकडचा माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. त्याने मध्येच आईच्या व्हॉट्सअ‍ॅपला स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस थांबावं लागेल, पण तोही आत राहत नाही.

नंबर कंपनीचाच दिसला, याचं आईला सगळ्यात वाईट वाटत असेल. तिला सांगा, समोर दिसणारा नंबर म्हणजे पाकिटावर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता, तो कोणीही लिहावा. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये तिथे हवा तो नंबर भरता येतो आणि पुढची एक्स्चेंजेस बऱ्याचदा तो तसाच पुढे पाठवतात. अमेरिकेत २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही जोडणं बंधनकारक आहे. तरी कॉल जुन्या पद्धतीच्या यंत्रणेतून गेला की ती सही वाटेतच गळते. स्क्रीन बघून माणूस ओळखता येत नाही, त्यात आईची काही चूक नाही.

केतकी:
मी बँकेत फसवणुकीच्या तक्रारी घेते. वरचं सगळं बरोबर, एक भर घालते. खरी संस्था "फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका" असं कधीच म्हणत नाही. संशय आला की फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. लँडलाईन असेल तर शक्यतो दुसऱ्या फोनवरून लावा, कारण काही ठिकाणी समोरच्याने ठेवल्याशिवाय लाईन लगेच सुटत नाही. दिसलेल्या नंबरवर उलटा फोन करून मात्र कोणाला बोलू नका. नंबर खोटा लावलेला असेल तर तो एखाद्या निरपराध माणसाचा असतो. आणि बँकेला आजच कळवा, पैसे गेले नसले तरी.

रानजाई:
६७ लावल्यावर खरंच अनोळखी नंबर दिसला! काढला. व्हॉट्सअ‍ॅप परत आलं, पिन मागितला नाही. मावशीने पैसे पाठवले नव्हते, तिने आधी आईला फोन केला. आई आता नंबरच बदलायचा म्हणते आहे. बदलू का?

जुनी_लाईन:
नको. नंबर बिघडलेला नाही. उलट सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतो, आणि बँकेत किंवा ईमेलला तो जोडलेला राहिला तर त्यांचे ओटीपी त्या माणसाकडे जातील. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा. मावशीला आणि बाकी सगळ्यांना तुमच्या फोनवरून एक मेसेज करा, म्हणजे आईला प्रत्येकाला समजावत बसावं लागणार नाही.